खेळतोय नुसता!

आमच्या सातारा-सांगलीकडे ‘खेळतोय’ हे क्रियापद बहुतेक वेळा तक्रार म्हणूनच वापरतात. "काय करतोय पोरगा?" "काय करणार, खेळतोय नुसता." त्या ‘नुसता’त सगळं आलं. पोरगं झोपलं असतं तरी चाललं असतं, पण खेळतंय म्हणजे वेळ फुकट.

बरेच दिवस डोक्यात होतं की या ‘नुसता’चा इतिहास जरा शोधावा. म्हणजे लहान मुलांचं खेळणं आणि शिकणं यांची आपल्याकडे ताटातूट कधी झाली, आणि पुन्हा गाठ घालायचा प्रयत्न कुणी कुणी केला. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. वाचलेलं, ऐकलेलं आणि नात्यागोत्यातल्या पोरांकडे बघून सुचलेलं असं हे आहे. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

सुरुवात पंतोजींच्या शाळेपासून करू. देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या पडवीत भरणारी शाळा. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटानं किंवा काडीनं अक्षर गिरवायचं. ‘धुळाक्षरं’ हा शब्द तिथलाच. मग पाढे. नुसते बे एके बे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. तोंडी हिशेबाला त्याचा उपयोग व्हायचा, हे कबूल केलंच पाहिजे. माझ्या आजोबांना बाजारात कधी कागद लागला नाही. पण त्या शाळेत खेळाला जागा नव्हती आणि छडीला भरपूर होती. पुढे इंग्रजी अमदानीत सरकारी मराठी शाळा आल्या आणि पहिलीच्या आधी एक वर्ग आला, ‘बिगरी’. घरातले म्हातारे अजून "मी बिगरीत असताना..." अशी सुरुवात करतात. पण बिगरी म्हणजे पहिलीचीच धाकटी बहीण. मुलं लहान, पद्धत तीच.

आता आपल्या भागाकडे येऊ. खेळ आमच्याकडे नव्हता असं कोण म्हणेल! कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावोगाव तालमी होत्या. पण खेळ म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर तालीमच येते. मोठ्या पोरांचा, अंग कमावण्याचा, शिस्तीचा खेळ. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. हे संस्थान सलग नव्हतं. त्याचे तुकडे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेले होते. औंध इकडे, तर आटपाडी आणि कुंडल तिकडे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) पोरगेलासा मास्तर याच संस्थानातला. तो धनगरांच्या वाडीवर जाऊन शाळा चालवतो आणि गावाकडून बांधून काय घेतो? तालीम! कादंबरी असली तरी त्या काळाची नाडी त्यात बरोबर सापडते. गावाला मुलांसाठी काहीतरी चांगलं करायचं म्हणजे तालीम. चार वर्षांच्या पोरांसाठी वेगळं काही करायचं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

दुसरा धागा कष्टाचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्यांच्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली, स्वतः राबली आणि शिकली. ‘कमवा आणि शिका’ हे आमच्याकडे पुस्तकातलं वाक्य नाही, कित्येक घरांतली ती खरी गोष्ट आहे. आमच्याही घरात एक चुलत आजोबा असेच शिकले. ज्यांना शाळेचा उंबरा कष्टाच्या बळावर ओलांडता आला, त्यांच्या लेकाला "शाळेत खेळायला पाठव" असं सांगितलं तर काय वाटेल? थट्टा वाटेल. म्हणून आमच्या भागातला ‘नुसता’ मला कधी अडाणीपणाचा वाटला नाही. त्याच्यामागे एक किंमत मोजलेली आहे.

आता जरा लांबचा फेरफटका. जर्मनीत फ्रोबेलनं १८३७ मध्ये लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, ठोकळे, काड्या हीच तिथली पुस्तकं. गंमत म्हणजे प्रशियाच्या सरकारनं १८५१ मध्ये या बागांवर बंदी घातली, ती थेट १८६० मध्ये उठली. ठोकळे खेळणाऱ्या पोरांची राजाला भीती वाटली! मग १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींचं बालगृह सुरू झालं. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माँटेसरीबाई ‘खेळ’ हा शब्द सहसा वापरत नसत, त्या ‘काम’ म्हणत. मुलांसमोर भारी खेळणी ठेवली तरी ती झाडू घेऊन झाडणं, पाणी ओतणं, टेबल पुसणं, दाणे निवडणं यांतच जास्त रमतात, हे त्यांनी पाहिलं होतं. १९३९ मध्ये त्या भारतात मद्रासला आल्या. युद्धात इटली शत्रुपक्षात गेली म्हणून इथेच अडकल्या आणि १९४६ पर्यंत शिक्षक घडवत राहिल्या.

पण त्यांच्या येण्याआधीच आपल्याकडे पेरणी झाली होती. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार उभं राहिलं. पण ताराबाईंना एक प्रश्न छळत होता. हे सगळं शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांसाठीच का? म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबत आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली, शिकून शिक्षिका झालेली बाई. १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींमध्ये राहायला गेल्या.

बोर्डीत आधी काय झालं, तर वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात. मग बाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, अंगणात, झाडाखाली. तीच ‘अंगणवाडी’. महागडी माँटेसरी साधनं कुठून आणणार? मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, बांबू हीच साधनं झाली. आणि दुसरं असं लक्षात आलं की थोरल्या पोरी शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. भावंड पाळणाघरात, पोरगी वर्गात. कोसबाडची ‘विकासवाडी’ ती हीच. इतकी साधी युक्ती, पण ती सुचायला त्या पोरीच्या कडेकडे बघावं लागतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आज तमिळनाडूपासून काश्मीरपर्यंत सरकारी कागदांवर तो शब्द आहे. शब्द गेला, पण त्यातलं खेळणं किती गेलं? योजनेत एकूण सहा सेवा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि मग शाळापूर्व शिक्षण. एक सेविका, एक मदतनीस आणि रजिस्टरांचा ढीग. वजन घेणं टळत नाही, आहार वाटणं टळत नाही, माहिती भरणं तर मुळीच टळत नाही. टळू शकतो तो खेळ. म्हणून तो टळतो.

हे सगळं शाळा-संस्थांचं झालं. पोरं मात्र कुणाची वाट बघत बसली नव्हती. तुमच्या लहानपणाचं आठवा.

ज्येष्ठ-आषाढात आमच्याकडे बेंदूर येतो. बाकी महाराष्ट्राचा पोळा नंतर, श्रावणात किंवा भाद्रपदात, आमचा आधी. कुंभाराकडून मातीचे बैल यायचेच, पण पोरं आपले आपण चिखलाचे करायची. चार पाय एका उंचीचे झाले नाहीत तर बैल पडतो. माती फार ओली असली तर बसतो, फार कोरडी असली तर तडकतो. हे कुणी शिकवत नाही, बैलच शिकवतो. शिंगं ओढून काढताना बोटांना जे वळण लागतं तेच पुढे पेन्सिल धरायला लागतं. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली काही हाडं अजून पुरती तयारही झालेली नसतात. त्या हाताला आधी चिखल हवा, मग दोन रेघांमधली अक्षरं.

दिवाळीतला किल्ला घ्या. साताऱ्यात पोरांच्या डोक्यावर खरा अजिंक्यतारा उभा असतो आणि अंगणात ती दुसरा बांधतात. दगड, विटा, पोतं, त्यावर माती. उतार जास्त झाला तर माती ओघळते. बुरूज कुठे, दरवाजा कुठे, पाणी कुठून येणार यावर भांडणं. आळीव नाहीतर मोहरी पेरली की हिरवळ उगवायला किती दिवस लागतात, म्हणजे कधी पेरली पाहिजे, हा उलटा हिशेब. त्यात इतिहास, भूगोल, बांधकाम, शेती आणि राजकारणसुद्धा आलं. महाराजांना सिंहासनावर कोण ठेवणार यावरून आमच्या वाड्यात दोन बिऱ्हाडांचं बोलणं बंद झालं होतं!

सागरगोटे घ्या. एक वर उडवायचा आणि तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे एक, मग दोन, मग तीन उचलायचे. पाचातून दोन उचलले तर तीन राहिले, हे पोरींच्या हाताला आधी कळायचं आणि पाटीवर नंतर. आणि भातुकली! आमच्या पोरी चिखलाची भाकरी थापायच्या ती ज्वारीचीच, मधेमधे पीठ लावून, कडा फिरवत. रुसलेला नवरा, आजारी सासू, उसनं मागायला आलेली शेजारीण. व्हिगॉट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये एका व्याख्यानात मांडलं की खेळात मूल स्वतःपेक्षा मोठं होतं. एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी पोरगी भातुकलीत ‘आई’ झाली की अर्धा तास बाळ झोपवते, कारण आईनं तसं करायचं असतं. नियम ती स्वतःच स्वतःवर घालते. हे आमच्या आत्यांना व्हिगॉट्स्कीशिवाय माहीत होतं, फक्त त्याला त्या ‘शिकणं’ म्हणत नव्हत्या.

आणि इथेच मला कष्ट आणि खेळ यांचं भांडण मिटल्यासारखं वाटतं. भातुकली म्हणजे काय? मोठ्यांच्या कष्टांची नक्कल. चिखलाचा बैल म्हणजे काय? शेतीची नक्कल. माँटेसरीबाई ‘काम’ म्हणाल्या, आपण ‘खेळ’ म्हणतो. मुलाला तो फरक ठाऊकच नाही. कर्मवीरांच्या बोर्डिंगातली पोरं हातानं काम करत शिकली, त्याच शिकण्याची धाकटी, तीन-चार वर्षांची आवृत्ती म्हणजे खेळ. म्हणजे ‘खेळतोय नुसता’ म्हणणारे आजोबा आणि ‘खेळू द्या’ म्हणणाऱ्या ताराबाई हे विरुद्ध बाजूंना नव्हतेच. फरक इतकाच, की कष्टाचं मोल आम्ही ओळखलं आणि त्याच्या बीजाचं नाही ओळखलं.

खेळ आणखी एक काम करतो, ते मी सांगलीत पाहिलं. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतोय ना? आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती. माझ्या मावशीच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. पाणी उतरल्यावर भेटायला गेलो, तेव्हा मोठी माणसं गाळ काढत होती आणि गल्लीतली चार-पाच लहान पोरं एका उलट्या बाजेवर बसून ‘बोट’ चालवत होती. एक जण वरून ओरडायचा, "आयर्विनला किती?" दुसरा आकडा सांगायचा. एक म्हातारी व्हायची, तिला उचलून बोटीत घ्यायचं. एक कुत्रं राहिलं म्हणून बोट परत फिरवायची. हे दिवसातून दहा वेळा. शेजारचे काका चिडले, "आम्ही बुडालो आणि तुम्हाला खेळ सुचतोय?" मावशी म्हणाली, "खेळू द्या हो त्यांना. तेवढंच भ्या जातंय." मावशी सातवी शिकलेली. काही आठवड्यांनी तो खेळ आपोआप बंद झाला, असं ती म्हणाली. त्या गल्लीत ज्यांनी भीतीवर काही उपाय केला असेल, ती ही पोरंच. आम्ही मोठे अजून पाऊस वाढला की आकडा विचारतो.

मध्यंतरीच्या काळात आपल्या भागात कुणी काही केलंच नाही असं नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ राहिल्या, इथल्याच झाल्या. शाळेत न टिकणाऱ्या मुलांना वाचायला कसं येईल, या ध्यासातून प्रगत शिक्षण संस्थेचं काम वाढलं आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. कमलाबाईही मूळच्या अमेरिकन, भारतात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू करणाऱ्या. हातांना काम दिलं की माणूस सावरतो, हे ज्या शास्त्राचं मूळ, त्या शास्त्राच्या बाईंचं नाव एका बालभवनाला असावं, हे मला फार शोभून दिसतं.

मग सातारा जिल्ह्यातलंच कुमठे बीट. २०१० नंतरच्या दशकात शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवला. फरशीवर आकडे आणि अक्षरांची चित्रं, खडे, मणी, काड्यांचे गठ्ठे, मुलं जमिनीवर गटागटानं बसलेली. राज्यभरातून शिक्षक बघायला आले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं, त्यामागे कुमठ्याचा हा गाजावाजा होता. माझ्या लेखी त्याचं मोल हे, की खेळत शिकणं ही शहरी, महागड्या शाळांची चैन नाही, हे साध्या सरकारी शाळांनी दाखवलं. पुढे बऱ्याच ठिकाणी काय झालं, ते मात्र आपल्या स्वभावाला धरूनच झालं. फरशी रंगवणं सोपं असतं, मुलाला विचार करायला वेळ देणं कठीण. ज्यांना सोपं हवं होतं त्यांनी फरशा रंगवल्या.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ ही वर्षं एकत्र धरून त्यांना पायाभूत स्तर म्हटलंय. २०२२ मध्ये त्याचा आराखडा आला, त्यात खेळाला मानाचं पान आहे. २०२३ मध्ये खेळण्यांची ‘जादुई पिटारा’ नावाची पेटीही आली. कागदावर ताराबाई जिंकल्या. आणि इकडे आमच्याच नात्यातली चार वर्षांची चिमुरडी संध्याकाळी रडत रडत चार ओळींच्या वहीत इंग्रजी अक्षरं काढते, कारण तिच्या शाळेनं दोन पानं घरी करायला दिलेली असतात. तिची आई म्हणते, "काका, पटतंय मला. पण बाकीच्यांना येतं आणि हिला आलं नाही तर?" या प्रश्नाला माझ्याकडे शहाणपणाचं उत्तर नाही. एवढंच सांगितलं, की वही नंतरही मिळते, चौथं वर्ष मिळत नाही. तिला ते पुरलं नाही, आणि पुरणारही नव्हतं. एकट्या आईनं धाडस करायची ही गोष्ट नाही. ती शाळेनं, गल्लीनं, नातेवाइकांनी मिळून करायची आहे. निदान आपण नातेवाइकांनी भेटल्यावर "ए-बी-सी-डी म्हणून दाखव" हा हुकूम तरी सोडावा!

पण खरी काळजी तिचीही नाही. ऊस गळिताच्या हंगामात आमच्याकडच्या कुठल्याही साखर कारखान्याच्या आसपास जा. कोप्यांच्या रांगा दिसतील. पहाटे आईबाप फडात जातात आणि मागे सात-आठ वर्षांची पोरगी उरते, कडेवर भावंड घेऊन. अनुताईंनी कोसबाडला पाहिलेली तीच पोरगी, इतक्या वर्षांनी आमच्या शिवारात. गेल्या हंगामात अशाच एकीला पाहिलं. बाळाला उसाच्या पाचटावर बसवून ती ठिकरी खेळत होती. एका पायावर तिसऱ्या घरात पोचली आणि बाळ रडलं. तिनं दुसरा पाय टेकला, बाळाला उचललं आणि ठिकरी तशीच तिसऱ्या घरात राहिली.